ओळखीची चोरी आणि खातेदाराचे दायित्व

पानिपतच्या युद्धानंतर (१७६१) सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत अशी बतावणी करून जो तोतया पुढे आला, त्याची हकीकत इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेच. १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन होईपर्यंत या गृहस्थाने पुणे दरबारास पुष्कळच सतावले. तो खरा की खोटा हे ठरविण्यास त्या काळी एकच साधन होते. ते म्हणजे भाऊसाहेबांस प्रत्यक्ष पाहिलेली माणसे. चेहरेपट्टी, बोलण्याची लकब, जुन्या गोष्टींची आठवण यांवरून निवाडा व्हावयाचा. आजच्या बँकेस हा मार्ग मोकळा नाही. तिला माणूस दिसतच नाही. तिला दिसतात ते खातेक्रमांक, मोबाईलचा क्रमांक, गुप्तांक आणि काही मिनिटांपुरता जिवंत असणारा ओटीपी. हे ज्याच्या हाती, तो तिच्या लेखी खातेदार. म्हणून आजच्या तोतयास सोंग घ्यावे लागत नाही, चार आकडे मिळाले म्हणजे पुरे होतात.

अशी चोरी टाळावी कशी, याविषयी विपुल लेखन होत असते. ती झाल्यानंतर काय करावयाचे याचा पद्धतशीर विचार मात्र क्वचितच आढळतो, आणि सुशिक्षित खातेदारसुद्धा पहिले दोन दिवस मनस्ताप व चौकशी यांत घालवितो. प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा असा की, अपहारानंतर खातेदाराने करावयाच्या सर्व गोष्टींत बँकेस द्यावयाची सूचना ही केवळ तक्रार नसून एक कायदेशीर कृत्य आहे. ती कोणत्या क्षणी दिली, आणि दिली हे दाखविता येते की नाही, यावर तोटा कोणाच्या पदरी पडतो हे बहुतांशी अवलंबून राहते.

याचे कारण समजण्यासाठी मुळाकडे जावयास हवे. आपण बँकेत पैसे ‘ठेवतो’ असे म्हणतो, आणि त्यामुळे बँकेच्या तिजोरीत आपली पिशवी निराळी ठेवलेली आहे असे काहीसे चित्र मनात उभे राहते. कायद्याची दृष्टी तशी नाही. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८४८ मध्ये फोली विरुद्ध हिल या खटल्यात जे तत्त्व सांगितले, ते आपल्याकडेही मान्य झालेले आहे: खात्यात भरलेला पैसा बँकेचा होतो, आणि बँक तितक्या रकमेची खातेदारास देणेकरी होते. म्हणजे खातेदार धनको, बँक ऋणको. आता ऋणकोने भलत्याच माणसास पैसे दिले, तर धनकोचे देणे फिटत नाही हे उघड आहे. खातेदाराची आज्ञा असेल तरच खात्यातून वजावट करता येते. खोट्या सहीचा धनादेश म्हणजे आज्ञाच नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या १९८७ च्या निर्णयात हीच भूमिका घेतली आणि खातेदाराने पासबुक काळजीपूर्वक तपासले नाही, एवढ्यावरून बँकेची सुटका होत नाही असे स्पष्ट केले.

तात्पर्य, ‘माझे पैसे चोरीस गेले’ हे बोली भाषेत ठीक असले, तरी बँकेस लिहिताना योग्य विधान निराळे आहे: ‘अमुक दिनांकाच्या अमुक व्यवहारास माझी आज्ञा नव्हती; सबब ती रक्कम माझ्या खात्यातून वजा करण्याचा आपणांस अधिकार नव्हता.’ पहिल्या वाक्यात याचना आहे, दुसऱ्यात हक्क आहे. अर्जाचा मसुदा करताना हा भेद विसरता कामा नये.

सहीच्या जागी गुप्तांक आला तेव्हा मात्र प्रश्न बिकट झाला. सही खोटी असली तर ती पारखता येते; गुप्तांक खोटा असू शकत नाही, तो फक्त चुकीच्या माणसाने वापरलेला असू शकतो. मग आज्ञा कोणाची, हे ठरवावे कसे? भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तशाच स्वरूपाचे परिपत्रक निघाले, आणि महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांचा विस्तार पाहता आपल्या वाचकांस हे दुसरे परिपत्रकही तितकेच महत्त्वाचे वाटेल.

या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांचे तीन वर्ग पाडले. दोष बँकेचा असेल, म्हणजे तिची हयगय, तिच्या व्यवस्थेतील उणीव किंवा तिच्या नोकरांचे संगनमत असेल, तर खातेदाराने कळविले असो वा नसो, त्याचे दायित्व शून्य. दोष ना बँकेचा ना खातेदाराचा, तर मधल्या व्यवस्थेतील कोणा तिसऱ्याचा असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्याचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळविणाऱ्यास प्रत्येक व्यवहारामागे मर्यादित तोटा सोसावा लागे. ही मर्यादा मूलभूत बचत खात्यास ५,००० रुपये, सामान्य बचत खात्यास १०,००० रुपये आणि मोठ्या चालू खात्यांस २५,००० रुपये अशी ठरविण्यात आली होती. सात दिवसांनंतर सर्व काही त्या त्या बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणावर सोपविलेले. तिसरा वर्ग खातेदाराच्या हयगयीचा. त्याने आपला गुप्त तपशील दुसऱ्यास दिला असेल, तर सूचना देईपर्यंतचा सर्व तोटा त्याचा. परंतु सूचना दिल्यानंतर जे काही जाईल ते बँकेचे.

या शेवटच्या वाक्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून त्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षिकेने वीजबिलाच्या बहाण्याने आलेल्या दूरध्वनीस भुलून ओटीपी सांगितला आणि ४०,००० रुपये गेले. ‘चूक माझीच, आता कोणत्या तोंडाने बँकेत जाऊ?’ असे म्हणून त्या रात्री गप्प राहिल्या. पहाटेपर्यंत आणखी तीन व्यवहारांत दोन लाख गेले. पहिले ४०,००० त्यांच्या हयगयीत गेले असे क्षणभर मानले, तरी रात्री दहा वाजता त्यांनी बँकेच्या क्रमांकावर कळविले असते, तर पुढील दोन लाखांची जबाबदारी बँकेवर गेली असती. लाज ही या गुन्ह्यात चोराची सर्वांत मोठी सहायक ठरते, आणि तिची किंमत रुपयांत मोजता येते.

दिवस मोजण्याची रीतही ध्यानात घ्यावी. संदेश मिळाल्याचा दिवस धरावयाचा नाही, आणि कामकाजाचे दिवस आपल्या शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे. शुक्रवारी रात्री संदेश आला आणि शनिवार महिन्यातील दुसरा किंवा चौथा असला, तर गणना सोमवारपासून सुरू होते. पैसा मात्र सुटी पाळीत नाही. म्हणून ही सवलत कायद्याच्या उपयोगाची आहे, व्यवहाराच्या नव्हे. सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत वादग्रस्त रक्कम तात्पुरती जमा करावी, नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा, आणि दायित्व खातेदाराचे आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील, असेही या परिपत्रकात सांगितले होते. अशा नियमांतील आकडे व मुदती वेळोवेळी सुधारल्या जातात. तक्रारदाराने व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला मजकूर बँकेकडून लेखी मागून घ्यावा हे उत्तम.

आता प्रत्यक्ष कृतीचा क्रम. प्रथम बँकेस कळवून खाते, कार्ड आणि इंटरनेट-व्यवहार बंद करवावेत. त्यासाठी कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक वापरावा; संगणकावर शोधून सापडलेला क्रमांक वापरू नये, कारण बँकांच्या नावाने खोटे ‘ग्राहकसेवा’ क्रमांक पसरविणे हा या धंद्यातील एक जुनाच डाव आहे. बोलणे संपण्यापूर्वी तक्रारक्रमांक मागून तो वेळेसह लिहून ठेवावा. त्यानंतर लगेच १९३० हा राष्ट्रीय क्रमांक. ही व्यवस्था २०२१ मध्ये प्रथम निराळ्या क्रमांकावर सुरू झाली आणि तिच्यायोगे पोलीस व बँका एका साखळीत जोडल्या गेल्या. चोरलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती काही मिनिटांत तीन-चार खात्यांतून फिरते आणि कोठेतरी रोकड होऊन बाहेर पडते. या साखळीतून संदेश पुढे गेला, तर ज्या खात्यात रक्कम अद्याप शिल्लक असेल तेथे ती रोखून धरता येते. म्हणूनच १९३० वर बोलताना कथा सांगत बसू नये. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव ही चार उत्तरे समोर कागदावर असावीत.

यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या संकेतस्थळावर सविस्तर तक्रार, आणि दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज. दूरध्वनीवर कळविले असता लेखी अर्ज कशाला, असे विचारले जाते. उत्तर साधे आहे: अर्जाच्या स्थळप्रतीवर शाखेचा शिक्का व आवक क्रमांक मिळतो, आणि पुढे दोन वर्षांनी एखाद्या आयोगापुढे उभे राहण्याची वेळ आली, तर ती पोच बोलते. शाखाधिकाऱ्याने पोच देण्यास टाळाटाळ केली तर अर्ज ईमेलने व नोंदणीकृत टपालाने पाठवावा. दरम्यान मोबाईलमधील एकही संदेश पुसू नये. फसविणाराशी झालेले संभाषण वाचवत नाही म्हणून ते काढून टाकणारे लोक भेटतात. ते आपल्या हाताने पुरावा नष्ट करीत असतात. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना विहित प्रमाणपत्र लागते, तेव्हा मूळ उपकरण जपून ठेवणे श्रेयस्कर.

पोलीस ठाण्यात ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर मिळण्याचा संभव असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने या सबबीस जागा ठेवलेली नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता घ्यावी लागते, ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते (मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते), आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेली कलमे ६६-सी आणि ६६-डी ही अनुक्रमे दुसऱ्याची ओळख वापरणे व तोतयेगिरीने फसविणे यांविषयीची आहेत. फिर्यादीत त्यांचा उल्लेख असावा. रक्कम गोठविली गेली म्हणजे ती परत मिळाली, असे मात्र समजू नये. ती हाती येण्यासाठी बहुधा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा लागतो, आणि तो केल्यावाचून पैसा तसाच पडून राहतो. याच सुमारास ‘सायबर अधिकारी’ म्हणून कोणी दूरध्वनी करून, थोडे शुल्क भरल्यास रक्कम सोडवून देतो असे सांगतो. एकदा फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. हा दुसरा चोर होय.

परिपत्रकातील वर्ग कागदावर स्वच्छ दिसतात. न्यायालयांत ते तितके स्वच्छ राहत नाहीत. बँकेचा नेहमीचा बचाव असा की, ओटीपी बरोबर होता, सबब आज्ञा खातेदाराचीच. मुंबई उच्च न्यायालयापुढे जून २०२४ मध्ये निकालात निघालेल्या प्रकरणी एका कंपनीच्या खात्यातून १ ऑक्टोबर २०२२ रोजी ७६ लाख ९० हजारांवर रक्कम गेली होती. नवे लाभार्थी जोडले गेले, परंतु त्याची सूचना खातेदारास पोचलीच नव्हती. बँकिंग लोकपालाने तक्रार फेटाळली होती. न्यायालयाने ती रक्कम सव्याज परत करण्याचा आदेश बँकेस दिला. गुवाहाटी उच्च न्यायालयापुढील दुसऱ्या प्रकरणात ९४,२०४ रुपयांचा प्रश्न होता; ग्राहकसेवेच्या सोंगाने बोलणाऱ्या इसमाने खातेदारास मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घ्यावयास लावले होते. ओटीपी त्यानेच दिला, असे बँकेचे म्हणणे. खातेदाराने ते नाकारले. त्याने चोवीस तासांत बँकेस कळविले होते. बँकेविरुद्ध झालेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२५ रोजी कायम केला. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच असे म्हटले होते की, संदेशाकडे खातेदाराने लक्ष दिले नाही, एवढ्यावरून बँकेची जबाबदारी संपत नाही. पहिल्या दोन्ही निर्णयांत सूचना आणि तिचा काळ हे निर्विवाद होते. जेथे तेच वादात असते, तेथे उत्तम कायदेशीर तत्त्वही निरुपयोगी ठरते.

तरीही एक प्रश्न अनुत्तरित राहतोच. खातेदारास भुलवून त्याच्याच हाताने रक्कम पाठविण्यास लावले, तर आज्ञा त्याची म्हणावयाची की नाही? आज्ञा आहे, पण ती कपटाने मिळविलेली आहे. इंग्लंडात ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रकरणी ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई पैसे पाठविणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही संस्थांवर वाटून बंधनकारक करण्यात आली आहे. रक्कम ज्या बँकेत जाऊन पोचते तिलाही जबाबदार धरण्याची ही कल्पना प्रस्तुत लेखकास विशेष विचारार्ह वाटते; कारण खोट्या कागदांवर खाते उघडू देणारी बँक या व्यवहारात तिऱ्हाईत खचित नसते.

येथपर्यंत खात्यातील रकमेचा विचार झाला. ओळखीची चोरी हा याहून संथ आणि अधिक चिवट विकार आहे. रक्कम जाते ती एकदा. नाव गेले म्हणजे त्याचा उपयोग वर्षानुवर्षे होत राहतो. अनेकांस तिचा पत्ता लागतो तो एखादा वसुली-अभिकर्ता न घेतलेल्या कर्जाचा हप्ता मागावयास येतो तेव्हा. अशा वेळी भांडण मिटावे म्हणून एखादा हप्ता भरणे हे अत्यंत घातक होय. तो हप्ता कर्ज मान्य केल्याची खूण म्हणून पुढे केला जाऊ शकतो, आणि ‘तडजोड’ केल्यास तशी नोंद पतअहवालात राहते. त्याऐवजी कर्ज देणाऱ्या संस्थेस लेखी कळवावे की असा करार आपण केलेला नाही, आणि कर्जासाठी सादर झालेली कागदपत्रे, छायाचित्र, मोबाईल क्रमांक व रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील मागावा. या चार गोष्टींतच तोतयाचा माग असतो.

भारतात चार पतमाहिती संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची तरतूद २०१७ पासून आहे. चारही मागवावेत, कारण एका संस्थेत नसलेली नोंद दुसरीत सापडते. चुकीच्या नोंदीविषयीची तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला व तो पुढील एप्रिलपासून अंमलात आला. रक्कम अल्प आहे, परंतु तिच्यामुळे अर्जावर दिनांक घालून पोच घेण्यास अर्थ आला. त्याचप्रमाणे आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत हे संचार साथी या सरकारी व्यवस्थेतून पाहता येते, आणि आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात अनोळखी व्याज, वेतन किंवा उलाढाल दिसल्यास पॅनचा गैरवापर झाल्याची शंका घ्यावी.

आधारच्या बाबतीत अडचण निराळी आहे. गुप्तांक बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. जमिनीच्या खरेदीखतांवरील ठशांच्या कृत्रिम प्रतिकृती करून आधारद्वारा खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत. यावर उपाय म्हणजे बायोमेट्रिक कुलूप लावणे आणि आधारच्या वापराचा गत सहा महिन्यांचा वृत्तान्त पाहणे. दोन्ही सोयी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ओळख पटविण्यासाठी ‘आईचे नाव’ विचारण्याची काही संस्थांची पद्धत तर आपल्याकडे हास्यास्पदच म्हटली पाहिजे. शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर जे छापलेले असते ते गुपित कसले?

पदव्युत्तर विद्यार्थ्यांशी निकट संबंध असलेली एक गोष्ट राहिली. चोरलेली रक्कम ज्या मधल्या खात्यांतून फिरते, त्यांतील कित्येक खाती खऱ्या माणसांची असतात. आणि थोड्या पैशांच्या मोबदल्यात खाते, कार्ड व सिम वापरावयास देणाऱ्यांत विद्यार्थीही आढळतात. अशा विद्यार्थ्याचे खाते गोठते, त्यात शिष्यवृत्ती अडकते, आणि फिर्यादीत त्याचे नाव आरोपी म्हणून येते. आपले खाते नकळत असे वापरले गेल्याची शंका येताच वर सांगितलेलीच सूचना त्याने बँकेस व पोलिसांस तत्काळ द्यावयास हवी. रक्कम ‘परत पाठवितो’ म्हणून तिसऱ्याच खात्यावर वळवू नये.

बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आले ते असमाधानकारक असले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तेथील नकार अंतिम नसतो, हे मुंबईच्या उपरोक्त प्रकरणावरून दिसतेच. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील न्यायनिर्णय अधिकारी (राज्याचे त्या खात्याचे सचिव) पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांत भरपाई देऊ शकतात. हा मार्ग वकीलवर्गातही फारसा परिचित नाही. ग्राहक आयोगाचा तिसरा मार्ग आहे. तेथे दोन वर्षांची मुदत असून ती दाव्याचे कारण उद्भवल्याच्या दिनांकापासून मोजली जाते. आणि एकाच तक्रारीचा खटला आयोगापुढे चालू असता लोकपाल ती स्वीकारीत नाही, म्हणून प्रथम लोकपालाकडे जावयाचे असल्यास त्या दोन वर्षांकडे लक्ष ठेवूनच जावे.